मेख, कडी, कराबीन

बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांतून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाडीत कोपीचं (मुक्कामाच्या झोपडीचं) सामान, भांडीकुंडी, वैरण आणि बैल बांधायच्या लोखंडी मेखा असतात. ‘मेख’ हा शब्द फारसी. घोडी आणि तंबू घेऊन फिरणाऱ्या फौजांबरोबर तो दख्खनेत रुळला. आदिलशाहीतल्या किश्वरखानाने सोळाव्या शतकात उभारलेला आणि 1631 मध्ये मोगलांनी घेतलेला धारूरचा किल्ला याच डोंगरात आहे. त्याच्याभोवती जेव्हा जेव्हा छावणी पडली असेल, तेव्हा आधी मेखाच ठोकल्या गेल्या असतील. फौजा गेल्या, शब्द दावणीला राहिला. पुढे त्याला वाईट अर्थही चिकटला: कामात कुणी ‘मेख मारतो’, करारात ‘मेख असते’.

जुनी प्रस्तरारोहणाची साधनं जमवणारे लोक ज्याला पिटॉन म्हणतात, ती मेखच. शब्द फ्रेंच, आपल्याकडे इंग्रजीतून आला. सुरुवातीच्या पिटॉनच्या डोक्यात सैल कडी असे. तसा एखादा पिटॉन आणि बैलाची मेख शेजारी ठेवून पाहावं. घणाखाली चेपून काठाने बाहेर पसरलेलं डोकं, दोर घासून एका बाजूला झिजलेली कडी, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं अंग. एक मातीत जाते, दुसरी कातळाच्या भेगेत, एवढाच फरक. ऑस्ट्रियाच्या हान्स फीख्टलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कडी काढून टाकली आणि पातं व दोराचं भोक एकाच तुकड्यात घडवलं. संग्राहकांच्या दृष्टीने हा मोठाच टप्पा.

दोर मेखेत अडकवणाऱ्या कॅराबिनरची गोष्ट मला याहून सुरस वाटते. मूळ जर्मन शब्द ‘काराबिनरहाकेन’, म्हणजे कार्बाइनचा आकडा. घोडेस्वार आपली आखूड बंदूक पट्ट्याला ज्या आकड्याने लटकवत, तो हा. म्युनिकच्या ओटो हेरत्सोगने 1910 च्या सुमारास अग्निशमन दलाच्या जवानांकडचे असे आकडे पाहिले आणि ते कड्यावर नेले, असं सांगतात. आता मराठी कोश उघडा: ‘कराबीन’ म्हणजे आखूड बंदूक. एकाच कुळातला शब्द आपल्याकडे दोनदा आला, एकदा स्वाराच्या खांद्यावरून आणि दुसऱ्यांदा गिर्यारोहकाच्या कमरेवरून. मेख घोड्याची, कॅराबिनर घोडेस्वाराचा! कॅराबिनरचं नाव थेट घोडदळातून आलं, मेखेचं घोडी घेऊन फिरणाऱ्या फौजांबरोबर.

1954 मध्ये मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तेव्हापासून सह्याद्रीतल्या सुळक्यांवर किती लोखंड ठोकलं गेलं, याची मोजदाद अवघड आहे. इकडे ते गंजत होतं, तिकडे त्याची गरजच ओसरत होती. स्वतः भट्टीवर पिटॉन घडवून विकणाऱ्या अमेरिकेच्या इव्हॉन शुइनार्डने 1972 च्या आपल्या सूचीपत्रात, ठोकाठोकीने कातळ जखमी होतो म्हणून भेगेत नुसते अडकवायचे नट वापरा, असं सांगितलं. आपल्याच मालाविरुद्ध असं छापायला हिंमत लागते. रोजच्या चढाईतून पिटॉन मागे पडला आणि जपून ठेवण्याची वस्तू झाला.

आपल्याकडे मात्र असं लोखंड सहज भंगारात जातं. ते जमवणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की वस्तूबरोबर तिच्या जवळचे मराठी शब्दही टिपून ठेवा: मेख, घण, पहार, आकडा, कडी. पाथरवटाची टाकी तर हवीच. तिचं मूळ संस्कृत ‘टंक’, आणि नाणी पाडणारी टांकसाळही त्याच घरातली. ‘कडी’ची नोंद सविस्तर करावी, कारण संस्कृतात ‘कटक’ म्हणजे कंकण, आणि कटक म्हणजे डोंगराची बाजूसुद्धा. मनगटातलं कडं, दाराची कडी तिथूनच आली. सह्याद्रीचा कडाही मला त्याच कुळातला वाटतो.