कळ आणि सूत्र

लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर परगण्यात बोरमवुड नावाचे गाव आहे. तेथील चित्रपटाच्या कारखान्यांना मात्र शेजारच्या एल्स्ट्री या गावाचे नाव चिकटले. काम एकाने करावे आणि लौकिक दुसऱ्याचा व्हावा, हा प्रकार बाहुल्यांच्या धंद्याला शोभण्यासारखाच म्हणावयाचा. कारण तेथेही नाव बाहुलीचे होते आणि घाम तिच्या आत दडलेल्या माणसाचा गळतो.

इंग्लंडातील या कलेचा मशहूर दाखला सॅम्युएल पीप्स या आरमारी खात्यातील अंमलदाराच्या रोजनिशीत आहे. ९ मे १६६२ रोजी कॉव्हेंट गार्डनात इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहून तो खूश झाला, आणि पुढे लोकांनी 'मिस्टर पंच' या भांडखोर पात्राचा वाढदिवस म्हणून तीच तारीख कायम केली. पंच प्रथम दोऱ्यांवर नाचत असे. परंतु गावोगाव फिरणाऱ्या एकट्या खेळियाला हातमोज्यासारखी बाहुलीच सोयीची पडली, आणि तोंडात 'स्वॉझल' नावाची छोटी पट्टी धरून चिरका आवाज काढणाऱ्या त्या खेळियास लोक, कोणत्याही विद्यापीठाच्या परवानगीवाचून, 'प्रोफेसर' म्हणू लागले.

या मुलखात जिम हेन्सन हा अमेरिकन बाहुलीवाला आला तो नाइलाजाने. मायदेशातील दूरचित्रवाणी कंपन्यांनी नाकारलेल्या त्याच्या 'मपेट शो'ला ल्यू ग्रेड यांनी बोरमवुडच्या स्टुडिओत थारा दिला, आणि १९७६ ते १९८१ या काळात तेथे १२० भाग तयार झाले. १९७९ च्या सुमारास लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्याने कार्यशाळा थाटली. तिच्यातून प्रथम, पडद्यावर एकही मनुष्यपात्र नसलेला, 'द डार्क क्रिस्टल' हा १९८२ चा चित्रपट आणि नंतर १९८६ चा 'लॅबिरिंथ' निर्माण झाला.

आपल्या तान्ह्या सावत्र भावाला रागाच्या भरात भुतांच्या स्वाधीन करून लगेच पश्चात्ताप पावलेली मुलगी चक्रव्यूहात त्याचा शोध घेते, एवढीच 'लॅबिरिंथ'ची कथा. चित्रकार ब्रायन फ्राउड यांनी पात्रांची रूपे कल्पिली, आणि कथेतील ते तान्हे मूल म्हणजे त्यांचाच मुलगा टोबी. चित्रपटात गायक डेव्हिड बोवी भुतांचा राजा आहे खरा. पण मला विचाराल तर राज्य हॉगल नावाच्या सुरकुतलेल्या, कुरकुऱ्या, भित्र्या बुटक्याचे आहे. त्याच्या सोंगाच्या आत शारी वाइस ही ठेंगणी अभिनेत्री चालत असे. चेहऱ्यातील सुमारे १८ मोटरी मात्र बाहेर उभे असलेले चौघे रेडिओच्या साहाय्याने हलवीत, आणि त्यांतील ब्रायन हेन्सन, म्हणजे जिमचा मुलगा, त्याला आवाजही देई. आतल्या बाईने मान वळविली की बाहेरच्या चौघांनी त्याच क्षणी डोळा, भुवई, गाल आणि ओठ वळवावयाचे. एकाची चूक झाली तरी सगळा चेहरा खोटा पडे. लुडो या केसाळ राक्षसाचे ओझे तर इतके की दोघे कलावंत आळीपाळीने त्याच्या आत शिरत, आणि शिंगात बसविलेल्या कॅमेऱ्याचे चित्र आतील छोट्या पडद्यावर पाहून चालत.

आता आपल्याकडचे पाहा: सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या बाहुल्यांना आपण 'कळसूत्री' म्हणतो. त्या शब्दात कळही आहे आणि सूत्रही. एल्स्ट्रीच्या बाहुलीचे सूत्र गेले, कळ तेवढी उरली. पिंगुळीचा सूत्रधार वरून दोर खेचतो. एल्स्ट्रीचा खेळिया बहुधा उंचावलेल्या जमिनीखाली उभा राहून हात वर करतो. तरीही प्रेक्षकाशी होणारा करार दोन्हीकडे एकच: हे लाकूड आहे, हे रबर आहे, हे तुला ठाऊक असू दे, आणि तरी तू घाबर. संगणकाची चित्रे कितीही सफाईदार झाली तरी हा करार त्यांना करता येत नाही, असे माझे मत आहे. हॉगलचा बोजड हात खऱ्या भिंतीला टेकतो, तेव्हा त्या हाताचे वजन मुलालाही कळते.

जमाखर्चाच्या दृष्टीने 'लॅबिरिंथ' बुडाला. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून अमेरिकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास वसुली झाली. घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींनी त्यास पुढे तारले. हॉगलच्या एका बाहुलीची कथा याहून विलक्षण: ती प्रवासात हरवली आणि अलाबामातील स्कॉट्सबरो गावी, विमानप्रवाशांचे बेवारस सामान विकणाऱ्या दुकानात येऊन पडली. रबर जागोजाग कुजले होते. दुकानदारांनी ती विकली नाही. डागडुजी करवून दुकानातच मांडून ठेवली.