टनर, तुरटी आणि लाइनमन

मंडळी, आमच्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगरात, पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे किती दिवसाआड?" उत्तर ऐकून समोरचा एक तर सुस्कारा टाकतो नाही तर हेवा करतो, आणि विषय तिथेच संपतो. ते पाणी कुठून आलं, वाटेत त्यात काय घातलं, ते घालणाऱ्या माणसाला ते काम कुणी शिकवलं, हे प्रश्न काही कुणी विचारत नाही.

परवा पुण्याच्या आतेभावाचा मेल आला. "पैठण रोडला वाल्मी अशी पाटी पाहिली, तो वाल्मिकी ऋषींचा आश्रम आहे का?" नाही रे बाबा! वाल्मी म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० सालची, कांचनवाडीला. इंजिनियर, कालवा निरीक्षक आणि शेतकऱ्यांना तिथे पाणी हाताळायला शिकवतात. उत्तर लिहिता लिहिता डोक्यात किडा वळवळायला लागला. पाण्यावर काम करणाऱ्या माणसाला शिकवायचं म्हणजे नक्की काय शिकवायचं? आणि काही सांडलं, फुटलं, गळलं तर काय करायचं, हे त्या शिकवण्यात कधीपासून आलं?

सुरुवात अर्थातच मलिक अंबरपासून. १६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरपायथ्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं. खापरी नळ, चुन्याचं बांधकाम, नुसत्या उतारावर वाहणारं पाणी. वाटेत उंच बंब, ज्यांत हवा निघून जायची आणि दाब आटोक्यात राहायचा. ठिकठिकाणी खाली उतरायला झरोके, म्हणजे गाळ काढता यावा. आपण सगळे पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेतो आणि तिथल्या हौदाजवळ फोटो काढतो, पण मला त्या झरोक्यांचं कौतुक जास्त वाटतं. बांधणाऱ्यानेच मान्य केलंय की हे तुंबणार आहे आणि माणसाला आत उतरावं लागणार आहे! देखभालीचा विचार आराखड्यातच होता.

त्या व्यवस्थेत चूक झाली तर काय व्हायचं? गाळ साचायचा, झाडाची मुळं घुसायची, पाणी गढूळ यायचं. चूक डोळ्यांना दिसायची आणि सावकाश वाढायची. नहरीची वाट ज्याला ठाऊक तो ती मुलाला दाखवायचा, बस्स. पुढे शहर नहरींच्या डोक्यावर चढलं, पाये खणताना नळ फुटले, सांडपाणी आत शिरलं आणि ती ठाऊक असलेली वाट निरुपयोगी झाली.

मग आलं जायकवाडी. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागर गावाच्या खालच्या अंगाला, तोही चाळीसेक किलोमीटरवर. म्हणजे इथे उतार उपयोगाचा नाही, पाणी उपसून वर चढवायचं. आधी ७०० मिलिमीटरची वाहिनी, मग नव्वदच्या दशकात १४०० मिलिमीटरची, वाटेत फारोळ्याला शुद्धीकरण केंद्र. पाण्याबरोबर आणखी तीन गोष्टी आल्या, त्यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही: विजेचे मोठे पंप, टनावारी तुरटी आणि क्लोरीन.

तुरटी आपल्या ओळखीची. आज्या माठात फिरवायच्या, त्याआधी निवळीच्या बिया उगाळायच्या. केंद्रातही तत्त्व तेच, फक्त गढूळपणा पाहून मात्रा ठरवायची आणि तळाशी बसलेल्या गाळाचं काय करायचं ते ठरवायचं. हा गाळ आणि फिल्टर धुतलेलं पाणी सरळ शेजारच्या नाल्यात सोडणं सोपं असतं, आणि पर्यावरणाची कार्यपद्धती नावाची गोष्ट नेमकी तिथे सुरू होते. आपण पाणी स्वच्छ करतो म्हणजे आपण प्रदूषण करतच नाही, अशी एक भाबडी समजूत या धंद्यात सगळीकडे आहे.

क्लोरीनची गोष्ट वेगळी. मोठ्या केंद्रांत तो द्रवरूपात टनरमध्ये येतो. टनर म्हणजे साधारण दोन मीटर लांबीचं आडवं पोलादी पिंप, आत ९०० किलो क्लोरीन. बाहेर पडला की एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो. रंग हिरवट पिवळा, वजन हवेच्या अडीच पट, त्यामुळे तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत खड्ड्यात, तळघरात, पंपाच्या चरात जाऊन बसतो. इंग्लंडमधल्या मेडस्टनला १८९७ मध्ये विषमज्वराच्या साथीनंतर नळवाहिन्या क्लोरीनच्या द्रावणाने निर्जंतुक केल्या. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी हाच वायू फ्रेंच खंदकांवर सोडला. एकच पदार्थ, अठरा वर्षांचं अंतर.

टनरजवळ काम करणाऱ्याला जे शिकवायचं ते बरंचसं सहजबुद्धीच्या उलट आहे, म्हणूनच ते शिकवावं लागतं. गळती दिसली की माणूस आधी पाण्याचा पाइप धरतो. इथे ते करायचं नाही! क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल होतं, ते पोलाद खातं आणि भोक मोठं होतं. धूर दिसला की खाली वाकून पळा, असं आपण आगीसाठी शिकलेलो असतो. इथे वायू खालीच असतो, तेव्हा उंचावर आणि वाऱ्याच्या उलट दिशेला जायचं. गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून जोडांजवळून फिरवायचा, जिथे पांढरा धूर उठेल तिथे भोक. आणि सगळ्यात सुंदर युक्ती म्हणजे टनर गोल फिरवायचा. भोक खाली असेल तर द्रव बाहेर येतो, वर आणलं तर फक्त वायू येतो, म्हणजे बाहेर पडणारा माल एकदम कितीतरी कमी. नऊशे किलोचं धूड दोन माणसांनी रुळांवर अर्धा फेरा फिरवायचं, एवढंच. पण ते रुळ गंजून अडकलेले नसले पाहिजेत, आणि फिरवणाऱ्याने ते आधी पाच-पन्नास वेळा, तोंडावर श्वसनयंत्र चढवून, केलेलं असलं पाहिजे. पुस्तकात वाचून हे येत नाही, पोहण्यासारखंच आहे ते.

आपल्याकडे या विषयाला कायदा मिळाला तो भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ ची ती रात्र, मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, मग १९८९ चे घातक रसायनांचे नियम. त्यांत क्लोरीनच्या साठ्यासाठी पहिली मर्यादा १० टनांची आहे. गणित करा: भरलेले बारा टनर एका आवारात आले की ती ओलांडली. म्हणजे 'धोकादायक कारखाना' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाळूज नाही तर चिकलठाण्याच्या चिमण्या येतात, पण गावाला पाणी पाजणारं केंद्रसुद्धा त्याच हिशेबात बसू शकतं.

मुंबईत हे दिसलंसुद्धा. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं बेवारस पडून राहिलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरांपैकी एक गळू लागला आणि शंभराच्या वर लोकांना त्रास झाला, त्यांत विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. ज्याचा कुणी मालक नाही त्याची तपासणी कोण करणार?

पण मंडळी, माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट कॅनडातल्या वॉकरटनची आहे. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि गुरांच्या शेणखतातले जंतू गावाच्या एका विहिरीत उतरले. सात माणसं गेली, सुमारे २३०० आजारी पडली, आणि गाव पाच हजारांच्या आतबाहेरचं! पाणीपुरवठा दोन भाऊ बघायचे. दोघांकडेही परवाना होता, पण तो परीक्षा न घेता, अनुभवाच्या जोरावर मिळालेला. रोज क्लोरीन मोजायचं सोडून ते वहीत ०.५ नाही तर ०.७५ असा आकडा टाकून द्यायचे. चौकशी अहवालात पुढे आलं की ते दुष्ट वगैरे नव्हते; त्यांना खरोखरच वाटायचं की हे पाणी चांगलं आहे, ते स्वतःही तेच, क्लोरीन न घातलेलं, प्यायचे. पाण्यातल्या जंतूंनी माणूस मरतो हे त्यांना कुणी नीट शिकवलंच नव्हतं. त्यानंतर ओंटारियोने परीक्षा आणि सततचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि २००४ मध्ये त्याच गावात प्रशिक्षण केंद्र उभं केलं.

आणि इंग्लंडमधलं कॅमलफर्ड. ६ जुलै १९८८. तुरटीचं द्रावण घेऊन बदली ड्रायव्हर आला, तो त्या केंद्रात पूर्वी कधीच आलेला नव्हता. केंद्रावर माणूस नाही. त्याच्याकडच्या किल्लीने झाकण उघडलं, त्याने २० टन माल ओतला आणि निघून गेला. टाकी चुकीची होती, शुद्ध झालेल्या पाण्याची. वीस हजार लोकांच्या नळाला ते गेलं आणि लोकांना जाहीरपणे खरं कारण कळायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. एका झाकणावर ठळक पाटी आणि वेगळी किल्ली, एवढ्यावर भागलं असतं!

आता परत घरी. वाल्मी जन्माला आली ती वेगळ्याच दुखण्यातून. धरणं बांधून झाली, पण बांधलेल्या क्षमतेएवढं पाणी शेतात पोचेना. म्हणून मोजणी, पाळीपत्रक, पाणीवापर संस्था हे विषय. पर्यावरण तिथे आलं ते पाणथळ आणि खारवट जमिनीच्या रूपाने, जास्त पाण्याने नासलेल्या रानाला चर काढून वाचवायचं. ते मोलाचंच काम, पण ते शेताच्या पाण्याचं. नळाच्या पाण्याची वाट निराळी, तिचं प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं, नाशिकला. दिल्लीच्या केंद्रीय संस्थेने पाणीपुरवठ्याच्या देखभालीची जाडजूड पुस्तिका २००५ मध्ये काढली, तिच्यात क्लोरीनची सुरक्षितता तपशिलात आहे. पुस्तिका इंग्रजीत, आणि टनर फिरवणारा मराठी नाही तर दखनीत बोलणारा. असो.

खेड्यांत मात्र आपण एक बरी गोष्ट केली आहे, जिचं कौतुक शहरातल्या लोकांना नसतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. टीसीएल पावडर किती घालायची, ती डबाबंद आणि कोरड्या जागी का ठेवायची (ओलाव्याने तिचा क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना), ओटी टेस्टचा पिवळा रंग कसा बघायचा, हे त्याला शिकवतात. गावाच्या पाण्याची पाहणी होऊन लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. निरक्षर माणसालाही लाल कार्डाचा अर्थ सांगावा लागत नाही. मानधन तुटपुंजं, पण पद्धत अक्कलहुशारीची.

शहरात हा दुवा सैल आहे. इथला कळीचा माणूस म्हणजे लाइनमन. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते त्याच्या मनगटात असतं. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये महापालिकेने करार मोडून तो परत घेतला. राजकारणाच्या बातम्या तेव्हा ढिगाने छापून आल्या, पण दोन वर्षांत दोनदा मालक बदलताना त्या मनगटातलं ज्ञान कुणी कागदावर उतरवून घेतलं का, अशी एकही बातमी माझ्या वाचनात आली नाही.

आणि दिवसाआडच्या पाण्यात धोका असा की नळ रिकामा असताना त्यात दाब नसतो. शेजारून ड्रेनेज गळत असेल तर ते फटीतून आत शिरतं आणि पुढच्या पाळीला घराघरांत पोचतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत गॅस्ट्रोची साथ आली, हजारो लोक आजारी पडले. अशा वेळी लाइनमनला पहिल्या तासात काय करायचं हे माहीत हवं: कोणता व्हॉल्व्ह बंद, नमुना कुठला घ्यायचा, कुणाला फोन, आणि घरोघरी काय सांगायचं.

त्यात आमची खाम नदी. जटवाड्याच्या डोंगरात उगम, शहराच्या पोटातून प्रवास, आणि शेवट गोदावरीत, नाथसागराच्या फुगवट्यात. म्हणजे आपण वर जे सांडतो ते खालून उपसून पुन्हा पितो. कांचनवाडीला मैलापाण्याचा शुद्धीकरण प्रकल्प झाला, खामच्या पुनरुज्जीवनाचं कामही बरंच दिसतं आहे. तरी वाळूजकडे एखाद्या टँकरचा कॉक रात्री ओढ्यात उघडला गेला, तर फारोळ्यातल्या रात्रपाळीला ते कोण कळवणार, हा प्रश्न उरतोच. ओढा, नदी, धरण, पंप, शुद्धीकरण. पाचांचे पाच धनी.

आतेभावाला एवढं सगळं लिहून पाठवलं, तर त्याचं उलट टपाल: "मग मी यातलं काय लक्षात ठेवू?" त्याला म्हटलं, नाथषष्ठीला पैठणला येशील तेव्हा वाटेत कुठल्याही शुद्धीकरण केंद्राच्या छताकडे नजर टाक. तिथे वाऱ्यावर फुगणारी एक कापडी पिशवी असायला हवी, विमानतळावर असते तशी. तिचं तोंड वाऱ्याकडे आणि शेपूट वारा जातो तिकडे. वास आला की शेपटीच्या दिशेला पळायचं नाही.