पुढून ओढणारे

मंठ्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मोटार रुतली, की मागची चाकं नुसती गरगरत आणि मामा बैल सोडत. एकदा मात्र एक जीप पुढच्या चाकांनीही जोर लावून निघून गेली. मामा म्हणाले, "त्यात काय? आमचे बैल पुढूनच ओढतात नि पुढूनच वळतात!"

लोखंडाला मात्र ते सहज जमत नाही. वळलेलं चाक साध्या सांध्याने फिरवलं, तर एका फेरीत दोनदा पळतं, दोनदा रेंगाळतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड रझेपा यांनी पोलादी छर्ऱ्यांचा सांधा काढून ही हिसकाहिसकी मिटवली. युद्धकाळातल्या काही जीपगाड्यांत तो बसला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली; १९८३ साली आलेल्या मारुती ८००ला तर पुढचीच चाकं ओढत.

माझ्या गाडीतही तसाच सांधा आहे. वळणावर तो कटकट वाजला, की खर्चाच्या धास्तीने मामांचे बैल आठवतात. त्यांना ग्रीस लागत नसे, सरकी पुरे.