पुण्याची दुर्बीण आणि प्रा. नायगमवाला

पुण्याच्या जुन्या सायन्स कॉलेजात एके काळी 20 इंची आरशाची दुर्बीण होती, हे आपणांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या वेधशाळेचा प्राण म्हणजे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला.

इंग्लंडातील विख्यात ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर हे त्यांचे मार्गदर्शक. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात जी मुख्य हिरवी रेषा दिसते, ती तप्त मॅग्नेशियमच्या धूसर पट्ट्याचा अवशेष होय, असे लॉकियरांचे मत. नायगमवालांनी पुण्यातून पाहिले. रेषा त्यांना रेखीव दिसली. 1891 साली त्यांनी तसे छापून प्रसिद्ध केले. गुरूचे मत एकीकडे, डोळ्यांना दिसलेले सत्य दुसरीकडे. त्यांनी सत्याची बाजू घेतली.

1912 साली ते निवृत्त झाले. वेधशाळा मिटली, दुर्बीण कोडाइकनालला गेली आणि 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली. देणाऱ्याचे नाव राहिले, हे योग्यच. परंतु तिच्यातून निर्भयपणे पाहणाऱ्याला पुण्याने तरी विसरू नये. विद्वानाला हार घालणे सोपे; त्याच्यासारखे स्वतः पडताळून पाहणे, हेच त्याचे खरे स्मरण, असे आम्हांस वाटते.