कानउघाडणी

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. त्यामुळे आम्हा वाशीमकरांना दीड हजार वर्षांच्या आतल्या गोष्टीला इतिहास म्हणायला जरा संकोच वाटतो. तरी माझ्या कानांचा इतिहास सांगतो. तो एका बिघडलेल्या रेडिओपासून सुरू होतो.

शनिवारी रात्री बाबा परभणी केंद्र लावून संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाला बसत. बसत म्हणजे सत्यनारायणाला बसावे तसे. गवई एकच शब्द अर्धा तास घोळवायचा. पुढची ओळ त्याला आठवत नसावी, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण खरा त्रास होता तो गाण्यामागच्या अखंड घूं-घूंचा. शेवटी एकदा धीर करून म्हणालो, "बाबा, रेडिओत काहीतरी घुमते. दुरुस्तीला टाका ना."

"रेडिओ चांगला आहे," बाबा म्हणाले. "तुझे कान टाकावे लागतील."

हा कार्यक्रम आमच्या घरात कसा शिरला, त्यालाही इतिहास आहे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नावाचे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. लोकांची अभिरुची सुधारायची, असे त्यांनी मनावर घेतले. त्याच वर्षी जुलैत हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. (बिचारी बाजाची पेटी तर 1940 पासूनच तिथे बहिष्कृत होती, ती 1971 पर्यंत.) देशाने यावर काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले! अखेर 1957 साली सरकारला विविध भारती काढावी लागली. आमच्या बँकेच्या भाषेत, केसकरांचे कर्ज बुडाले.

पण एक हप्ता वसूल झाला. सिलोन शोधता शोधता एका शनिवारी बाबांचा काटा सटकला आणि भलत्याच ठिकाणी अडकला. गाणे असेच गाठते माणसाला. भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने गाठले. तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची, पण 1933 साली अकरा वर्षांचा तो पोरगा गुरू शोधायला घर सोडून निघाला. बाबा कुठे गेले नाहीत. त्यांना दुसऱ्या दिवशी शाळा होती.

मला गाठायला मात्र फार वर्षे लागली. बँकेत लागल्यावर साहेबांनी, स्वतःला जायचे नव्हते म्हणून, एका मैफलीचा पास मला दिला. मंगल कार्यालयात पहिल्या रांगेत बसलो. बुवांनी तंबोरे पाच-सात मिनिटे छेडले, खुंट्या पिळल्या, मान डोलावली. मला वाटले, एक नंबर संपला. मी कडकडून टाळी दिली. एकट्याने. पुढे कळले की 1971 साली न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत रविशंकरांच्या नुसत्या सूर जुळवण्याला हजारो लोकांनी अश्शीच टाळी दिली होती. ते वाचले त्या रात्री मला शांत झोप लागली.

पण त्या मैफलीत मान वर करायची सोय उरली नव्हती. बुवांनी यमन सुरू केला आणि वऱ्हाडातल्या रिवाजाप्रमाणे लाइट गेली. पंखे थांबले, माइकची खरखर थांबली. काळोखात बुवा गातच होते. आणि त्यांच्या मागे, अगदी माझ्या छातीत, ते घूं-घूं ऐकू आले. आमच्या रेडिओतला बिघाड! तो तंबोरा होता. बुवा त्याच्यापासून लांब लांब जात, आता काही हे परत येत नाहीत असे वाटे, आणि येऊन नेमके षड्जावर टेकत. संध्याकाळी कॅश पहिल्याच फटक्यात टॅली व्हावी तसे डोळ्यांत पाणी आले.

घरी येऊन बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "काय?"

त्यांना तेव्हापासूनच कमी ऐकू येऊ लागले होते. आता ते ऐंशीचे आहेत. कानाचे यंत्र बहुतेक वेळ खिशात असते. शनिवारी मी मोबाइलवर यमन लावतो आणि फोन लाकडी टेबलावर ठेवतो. बाबा टेबलावर तळवा टेकवून बसतात.

"घुमते का रे?" ते विचारतात.

"घुमते, बाबा," मी मोठ्याने ओरडतो.

"मग राहू दे. दुरुस्तीला टाकू नको."