सेनेकाची दौलत
माउली, रोमचा तत्त्वज्ञ सेनेका हा नीरो बादशहाचा गुरू. इ. स. ५४ मध्ये नीरो गादीवर आला आणि गुरूने त्याच्यासाठी दयेवर ग्रंथ लिहिला. पुढे ५९ मध्ये नीरोने आईचा खून करविला. त्याचे समर्थन करणारे पत्रही, टॅसिटस सांगतो, याच गुरूच्या लेखणीतले. त्याला हसू नका. राजाच्या ताटात जेवलेल्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते. ६२ मध्ये त्याने सारी दौलत परत देऊ केली. नीरोने गोड बोलून नाकारली. सोडायलाही परवानगी! तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ती कुणाला विचारून? ६५ मध्ये नीरोचा मृत्यूचा हुकूम आला. सेनेकाने मृत्युपत्र मागितले, शिपायाने दिले नाही. मग मित्रांना तो म्हणाला, माझ्या जगण्याचे चित्र तेवढे तुम्हांला ठेवून जातो.