अग्निरोधक केबलचे टोक : ब्रिटनमधील घरांच्या वीजतपासणीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : घराच्या वीजतपासणीत अग्निरोधक केबलचे इन्सुलेशन दुबळे आढळल्यास संपूर्ण केबल निकामी समजावी काय? प्रस्तुत लेखात ब्रिटनमध्ये वापरल्या गेलेल्या खनिज-इन्सुलेशनच्या केबलच्या इतिहासाआधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रबराचे इन्सुलेशन उष्णतेने व वयोमानाने ठिसूळ होते आणि आगीत जळते. यावर पर्याय म्हणून स्वित्झर्लंडमधील अर्नोल्ड फ्रान्स्वा बोरेल यांच्या कल्पनेस १८९६ मध्ये पेटंट मिळाले. तांब्याच्या नळीत तांब्याच्या तारा आणि त्यांच्याभोवती दाबून भरलेले खनिज चूर्ण, अशी ही रचना होय. फ्रान्समध्ये १९३२ च्या सुमारास तिचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. जहाजांवर व लूव्र संग्रहालयातही तिचा वापर झाला. १९३७ मध्ये पायरोटेनॅक्स या कंपनीने ब्रिटनमध्ये उत्पादन आरंभिले. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. मॅग्नेशियम ऑक्साइडचे चूर्ण त्याहून कितीतरी अधिक तापमान सहन करते. म्हणूनच आगीतही वीजप्रवाह चालू राहणे आवश्यक असलेल्या मंडलांसाठी ही केबल विश्वासार्ह ठरली.

दोषाचे स्वरूप : अग्नीला न जुमानणारे हे चूर्ण ओलाव्यापुढे मात्र हतबल ठरते. केबल कापताच उघड्या टोकातून ते हवेतील बाष्प शोषते. त्यामुळे टोक पितळी भांड्यासारख्या टोपणात विशिष्ट लेप भरून बंद करावे लागते. हा लेप सदोष असल्यास वर्षानुवर्षे ओल झिरपते. वीजपुरवठा बंद करून व नाजूक उपकरणे अलग करून ५०० व्होल्ट दाबाने मोजणी केली जाते. ब्रिटिश नियमांनुसार रोध किमान १ मेगओहम असावा लागतो. चूर्ण घट्ट दाबलेले असल्याने ओल बहुधा टोकाजवळच राहते. अशा वेळी ओलसर भाग कापून किंवा उष्णतेने सुकवून पुन्हा मोजणी करावी आणि टोक त्वरित बंद करावे. तरीही रोध वाढला नाही, तर तांब्याच्या आवरणास अन्यत्र इजा झाली आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष : इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी भाड्याच्या खासगी घरांची किमान दर पाच वर्षांनी वीजतपासणी बंधनकारक केली. जिन्यातील आपत्कालीन दिवे व धोक्याची घंटा अशा केबलवर अवलंबून असतात, तेथे हा दोष प्रसंगी जीवघेणा ठरू शकतो. म्हणून ‘अग्निरोधक’ या शब्दावर विसंबून मोजणी टाळणे जितके अयोग्य, तितकेच एका मोजणीवरून सुस्थितीतील केबल काढून टाकणेही अनुचित होय. या केबलची सुरक्षितता तिच्या द्रव्याइतकीच टोक बंद करणाऱ्या कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून राहिली आहे.